मोटारीतील दुतर्फी रेडिओ : विद्युत्‌दाब, तारजोडणी आणि उच्चाराची सुगमता

मराठीतील ‘साठ’ हा संख्याशब्द दोन्ही बाजूंनी संकटात असतो. त्याच्या अखेरचे मूर्धन्य महाप्राण व्यंजन नीट ऐकू आले नाही, तर ऐकणारा त्याचा ‘सात’ करतो. आरंभीचा घर्षक हरवला, तर ‘आठ’ उरतो. समोरासमोरच्या संभाषणात असा घोटाळा क्वचितच होतो, आणि झालाच तर तो तत्क्षणी दुरुस्त करता येतो. परंतु आपद्ग्रस्त गावाबाहेर उभ्या असलेल्या मोटारीतून जखमींची संख्या रेडिओवर कळविली जात असेल, तर सात आणि साठ यांतील फरक हा किती रुग्णवाहिका निघावयाच्या याचा फरक असतो. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमधील भूकंपाने दूरध्वनिव्यवस्था कोलमडली, तेव्हा हौशी रेडिओचालकांनी आपापले संच घेऊन तेथे संदेशवहनाचे काम केले होते. अशा प्रसंगी घरगुती वीजही नसते. संच चालतो तो बॅटरीवर, आणि बहुधा मोटारीच्याच बॅटरीवर.

असा संदेश अस्पष्ट गेला, की दोष सामान्यतः वातावरणास, एरियलला किंवा खुद्द संचास दिला जातो. पुष्कळदा तो बॅटरीपासून संचापर्यंतच्या तीन-चार मीटर तारेत दडलेला असतो. उच्चारित शब्द प्रेषकात शिरल्यानंतर त्याची जी विद्युत्‌रूपे होतात, ती या तारेच्या जाडीवर आणि जोडांवर काही अंशी अवलंबून राहतात. ती कशी, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

मोटारीची बॅटरी ‘१२ व्होल्टची’ म्हणून ओळखली जाते. वस्तुतः हे तिचे नाव आहे, माप नव्हे. शिसे आणि गंधकाम्ल यांच्या एका घटाचा विद्युत्‌दाब साधारण २ व्होल्ट धरून सहा घटांचे १२ व्होल्ट सांगितले जातात. पूर्ण भारित आणि विश्रांत बॅटरी प्रत्यक्षात १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते, १२.० व्होल्ट दिसू लागले म्हणजे तिच्यातील बहुतेक संचय संपला आहे असे समजावे. इंजिन चालू असता तिला भारित करण्याकरिता आल्टर्नेटर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास दाब देतो. सेल्फ मारताना हाच दाब क्षणभर १० व्होल्टपर्यंत, कधी त्याहूनही खाली येतो. म्हणजे एकाच नावाखाली निरनिराळ्या वेळी चार-पाच व्होल्टांचा फरक वावरतो. गॅरेजमधील बोली या बाबतीत अधिक नेमकी आहे. तेथे बॅटरी ‘उतरते’. ताप उतरतो, भाव उतरतो, तसा बॅटरीचा दाब पायरीपायरीने खाली येतो, हे त्या क्रियापदात अचूक आले आहे.

मोटारीकरिता बनविलेल्या बहुतेक संचांवर १३.८ व्होल्ट, अधिकउणे १५ टक्के, असे लिहिलेले आढळते. याचा अर्थ निर्मात्याने चालू इंजिनाची मोटार गृहीत धरली आहे, आणि ११.७ व्होल्टच्या खाली संच नीट चालेल याची हमी तो देत नाही. हा दाब बॅटरीच्या टोकांशी नव्हे, तर संचाच्या टोकांशी मोजावयाचा असतो. या दोन ठिकाणांमधील फरक हीच तारजोडणीची खरी परीक्षा.

तारेत होणारी दाबाची घट ओहमच्या नियमाने काढता येते : विद्युत्‌प्रवाह गुणिले रोध. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७२ ओहम असतो. छेद वाढेल त्या प्रमाणात तो कमी होतो. बॅटरी बॉनेटखाली आणि संच आसनाजवळ असेल, तर तारेचा मार्ग सहज ४ मीटरचा होतो. प्रवाहास जावेही लागते आणि परतावेही लागते, हे विसरले जाते. म्हणून लांबी ८ मीटर धरावयाची. १०० वॅट शक्तीचा संच बोलताना सुमारे २० अँपिअर प्रवाह घेतो. १.५ चौरस मिलिमीटरची तार वापरली, तर रोध ०.०९२ ओहम भरतो आणि घट होते १.८ व्होल्टांहून किंचित अधिक. ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट ०.४६ व्होल्ट, आणि १० चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.२८ व्होल्ट इतकी राहते.

हे आकडे रस्त्यावर आणि रस्त्याकडेला निरनिराळे वागतात. इंजिन चालू असून बॅटरीपाशी १४ व्होल्ट मिळत असतील, तर बारीक तार आणि जोडांतील दशांश व्होल्टची घट वजा जाताही संचास १२.१ व्होल्ट मिळतात व तक्रारीस जागा राहत नाही. तीच मोटार घटनास्थळी उभी करून इंजिन बंद केले, की चित्र पालटते. विश्रांत स्थितीत १२.४ व्होल्ट असणारी बॅटरी २० अँपिअर देताना १२.२ पर्यंत खाली आली असे धरले, तर बारीक तारेच्या टोकाशी १०.३ व्होल्टच उरतात. ६ चौरस मिलिमीटरची तार ११.६ व्होल्ट देते, म्हणजे तीही मर्यादेच्या किंचित खालीच राहते. १० चौरस मिलिमीटरची तार ११.८ देऊन कशीबशी मर्यादा सांभाळते. प्रवासात महिनोन्‌महिने बिनतक्रार चाललेला संच नेमका आपत्तीच्या जागी, गाडी उभी असताना, अडखळू लागतो. या अनुभवामागे योगायोग नसून ही साधी वजाबाकी असते.

मोटारीच्या वीजव्यवस्थेचा इतिहास पाहिल्यास पूर्वीच्या तंत्रज्ञांची अडचण याहून बिकट होती असे दिसते. अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गस्तीच्या गाड्यांत रेडिओ बसविले, ते केवळ ऐकण्याकरिता. गाडीतून उत्तर देण्याची सोय न्यू जर्सी राज्यातील बेयोन येथे १९३३ मध्ये झाली. त्या काळच्या मोटारींची बॅटरी सर्रास ६ व्होल्टची असे. तीच शक्ती निम्म्या दाबावर घ्यावयाची तर प्रवाह दुप्पट लागतो. तारेतील घट दुप्पट होते, आणि मूळ दाबच निम्मा असल्याने त्या घटीचे प्रमाण चौपट भरते. शिवाय निर्वात नलिकांना शेकडो व्होल्ट लागत. ते मिळविण्यासाठी कंपक पट्टीने सरळ प्रवाह तुकड्यातुकड्यांनी तोडून तो रोहित्रातून वाढवीत, किंवा एक लहानसे फिरते यंत्रच मोटारीत ठेवीत. अमेरिकन मोटारी १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास १२ व्होल्टकडे वळल्या. ट्रांझिस्टरांनी उच्च दाबाची गरज संपविली, परंतु प्रवाहाची भूक तशीच राहिली.

आता उच्चाराकडे वळावयास हवे, कारण २० अँपिअर हा आकडा सर्वकाळ खरा नसतो. एफ्‌एम्‌ पद्धतीच्या संचात बोलण्याचे बटन दाबताच प्रवाह पूर्ण वाढतो आणि बटन सोडेपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो. बोलणारा मूक राहिला काय आणि ओरडला काय, बॅटरीस ते सारखेच. दूरच्या अंतरासाठी वापरल्या जाणाऱ्या सिंगल साइडबँड पद्धतीत मात्र प्रेषित शक्ती आवाजाबरोबर चढते-उतरते, आणि तीबरोबर प्रवाहही. बोलणाऱ्याने ‘साठ’ म्हटले, तर घर्षकाच्या वेळी प्रवाह अल्प असतो, आकारावर तो उसळतो, आणि ठकाराच्या अवरोधात पुन्हा खाली येतो. या पद्धतीत बॅटरीची तार अक्षराअक्षरागणिक ताणली आणि सैल सोडली जाते असे म्हणावयास हरकत नाही.

स्वर आणि व्यंजने यांच्या शक्तीतील विषमता ध्वनिविज्ञानास नवीन नाही. बेल प्रयोगशाळेतील हार्वी फ्लेचर यांनी इंग्रजी ध्वनींची जी मापने केली, त्यांत सर्वांत सबळ स्वर आणि सर्वांत दुर्बळ व्यंजन यांच्या शक्तीत सुमारे ६८० पटींचा फरक आढळला. मराठीचे ध्वनी निराळे असले, तरी स्वर सबळ आणि अघोष व्यंजने दुर्बळ हे तत्त्व तिलाही लागू आहे. शब्द ओळखण्याचा भार मात्र बव्हंशी व्यंजनांवर असतो. सात, आठ आणि साठ या तिहींत आकार समान आहे. भेद करतात ती दुर्बळ व्यंजनेच. एवंच, बॅटरीची शक्ती स्वर खातात आणि अर्थ व्यंजने वाहतात.

दाब उतरल्याने बिघडते ते काय? प्रथम सुचणारे उत्तर असे, की प्रेषित शक्ती घटते. ते खरे आहे, पण महत्त्वाचे नाही. १३.८ ऐवजी १२.१ व्होल्ट मिळाल्यास शक्ती स्थूलमानाने दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होऊन १०० वॅटचे ७७ वॅट होतील. हा फरक जेमतेम एका डेसिबेलचा आहे; ऐकणाऱ्याच्या कानास तो जाणवणारही नाही. दुसरे उत्तर असे, की स्वरांचे माथे छाटले जातात. यातही घाई करू नये. जे. सी. आर. लिक्‌लायडर यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बोलण्याच्या लहरींचे माथे बरेच छाटले तरी शब्द कळतात असे आढळले. उलट लहरींचा मधला, दुर्बळ भाग कापल्यास सुगमता झपाट्याने ढासळते. तेव्हा माथे छाटल्याने तेवढ्यापुरता ‘साठ’चा ‘सात’ होत नाही.

खरी हानी दोन वेगळ्या मार्गांनी होते. पहिली, शेवटच्या वर्धकास पुरेसा दाब न मिळाल्यास तो विकृत लहरी निर्माण करतो. त्या शेजारच्या कंप्रतांवर पसरतात आणि तेथे चाललेल्या दुसऱ्याच्या संभाषणात खरखर मिसळतात. आपत्तीच्या वेळी तो दुसराही बहुधा तितक्याच निकडीचे बोलत असतो. दुसरी हानी अधिक उघड आहे. आधुनिक संचाचे नियंत्रण एका सूक्ष्म संगणकाकडे असते, आणि किमान दाब मिळाला नाही तर तो संच बंद करून पुन्हा सुरू करतो. दाब सर्वांत खाली जातो तो दीर्घ, सबळ स्वरावर. म्हणजे बोलणारा आकारावर पोचला की संच बंद पडतो, आणि बटन सोडताच, जणू काही घडलेच नाही असा, पुन्हा जिवंत होतो. मग कुजबुजल्यास संच चालतो आणि मोठ्याने बोलल्यास मरतो, असा चमत्कारिक अनुभव येतो. अशा संचात बिघाड शोधणे व्यर्थ होय.

व्यंजनांचा शत्रू निराळा आहे, आणि तो परतीच्या मार्गाने येतो. मोटारीत ऋण बाजूचा प्रवाह गाडीच्या पत्र्यातून परततो. कारागीर त्यास ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. हा शब्द घरगुती वायरिंगमधून आलेला दिसतो. रबरी चाकांवर उभ्या असलेल्या मोटारीस पृथ्वीशी कर्तव्य नसते. तो पत्रा केवळ एक सामाईक वाहक असून दिवे, पंखे, इंजिनाची प्रज्वलनयंत्रणा आणि आल्टर्नेटर या सर्वांचे प्रवाह त्यातून वाहतात. पत्र्याचा रोध अल्प असला तरी शून्य नसतो, आणि रंग चढलेल्या किंवा गंजलेल्या जोडापाशी तो अल्पही राहत नाही. संचाची ऋण तार अशा ठिकाणी, डॅशबोर्डखालच्या मिळेल त्या स्क्रूला, बांधली की इतरांच्या प्रवाहांमुळे पडणारी घट संचाच्या वाट्यास येते आणि ध्वनिग्राहकाच्या क्षीण संकेतात मिसळते.

यातून उद्भवणारी आल्टर्नेटरची शीळ प्रत्येक रेडिओचालकास परिचित असते. इंजिनाचा वेग वाढला की तिचा सूर चढतो. तिचे गणित उद्बोधक आहे. आल्टर्नेटरमध्ये १२ ध्रुव असून तो इंजिनाच्या अडीचपट वेगाने फिरतो असे धरू. इंजिन मिनिटास ८०० फेरे घेत असता आल्टर्नेटर २,००० फेरे घेतो आणि त्याच्या प्रवाहाची कंप्रता २०० हर्ट्‌झ होते. त्रिकला प्रवाह एकदिश केल्यावर उरणारे तरंग सहापट, म्हणजे १,२०० हर्ट्‌झचे असतात. इंजिन २,००० फेऱ्यांवर गेल्यास हेच तरंग ३,००० हर्ट्‌झवर पोचतात. संदेशवहनाच्या रेडिओतून साधारणतः ३०० ते ३,००० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जातो. दंत्य आणि मूर्धन्य स्पर्शांचा भेद कानास ज्या स्वरसंक्रमणांतून कळतो, ती याच पट्ट्याच्या वरच्या भागात असतात. सकाराची बहुतेक शक्ती तर ४,००० हर्ट्‌झच्या वर असल्याने ती आधीच वगळली गेलेली असते. जो क्षीण अंश पलीकडे पोचतो, त्यावर ही शीळ पसरते. स्वर तिला दाबून टाकतात. दोन स्वरांमधील, व्यंजनांच्या वाट्याच्या शांत जागेत मात्र ती निर्वेध ऐकू येते. ‘साठ’चा ‘आठ’ किंवा ‘सात’ होण्यास इतके पुरते.

यावरील उपाय धारित्रांच्या किंवा गाळण्यांच्या मागे लागण्यापूर्वी तारेच्या मार्गातच शोधावा. बॅटरीचा अंतर्गत रोध काही मिलिओहमच असल्याने आल्टर्नेटरचे तरंग तिच्या टोकांशी सर्वांत सौम्य असतात. म्हणून संचाची धन तार थेट बॅटरीपर्यंत न्यावी. फ्यूजच्या पेटीतील मोकळ्या जागेतून किंवा सिगारेट पेटविण्याच्या खोबणीतून ती घेऊ नये; त्या खोबणीच्या तारा एवढ्या प्रवाहासाठी घातलेल्या नसतात आणि तिचे स्प्रिंगचे स्पर्श भरवशाचे नसतात. हातात धरावयाच्या छोट्या संचास ती पुरेशी आहे, हे खरे.

ऋण तारेविषयी पूर्वीचा सल्ला ती बॅटरीच्या ऋण टोकास जोडावी असा होता. आजच्या अनेक मोटारींत त्या टोकावर प्रवाह मोजणारा एक संवेदक बसविलेला असतो. थेट टोकास जोडलेल्या संचाचा प्रवाह त्या मोजणीतून निसटतो आणि बॅटरीच्या स्थितीविषयी गाडीचा हिशेब चुकतो. अशा गाडीत बॅटरीची जाड ऋण पट्टी जेथे पत्र्याला मिळते, त्या ठिकाणी, रंग खरवडून आणि थिंबल घट्ट आवळून संचाची ऋण तार जोडणे उचित ठरते. याचा आणखी एक लाभ आहे. बॅटरीची ती पट्टी कधी सैल झाली, तर सेल्फचा शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह परतीसाठी दुसरा मार्ग शोधतो, आणि बॅटरीच्या टोकास थेट जोडलेली संचाची बारीक ऋण तार त्यास आयतीच सापडते. ऋण तारेतही फ्यूज घालण्याची पद्धत पडली ती याच भयाने.

फ्यूजला मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘वितळतार’ असा समर्पक शब्द दिला आहे. त्याविषयीचा एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. तो संचाच्या रक्षणासाठी असतो असे मानून पुष्कळ जण तो संचाजवळ बसवितात. वस्तुतः त्याचे मुख्य काम तारेचे रक्षण करणे हे आहे. धन तार इंजिनाकडून आत येताना पत्र्याच्या भोकातून जाते. तेथे रबरी कडे नसेल, तर धक्क्यांनी आवरण घासून तांबे पत्र्याला टेकते. त्या क्षणी बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह सोडू शकते. फ्यूज पलीकडे संचाजवळ असेल, तर हा प्रवाह त्यातून जातच नाही, आणि तार पेट घेते. म्हणून तो बॅटरीपासून शक्य तितक्या जवळ असावा आणि त्याचा आकडा तारेस सोसेल त्याहून अधिक नसावा. आतील मार्ग ठरविताना एअरबॅगच्या उघडण्याच्या जागा टाळाव्यात, हे सांगावयास नकोच.

अलीकडच्या मोटारींनी काही नवीन प्रश्न आणले आहेत. इंधन वाचविण्यासाठी अनेक गाड्यांत आल्टर्नेटरचा दाब संगणक ठरवितो : वेग घेताना तो साडेबारा व्होल्टच्या आसपास उतरवितो आणि उतारावर किंवा ब्रेक लावताना पंधरापर्यंत चढवितो. त्यामुळे ‘इंजिन चालू म्हणजे १३.८ व्होल्ट’ हे जुने समीकरण अशा गाड्यांत लागू पडत नाही, आणि जाड तारेची गरज प्रवासातही भासते. विजेवर चालणाऱ्या गाडीत नारिंगी आवरणाच्या उच्च दाबाच्या तारांना स्पर्शही करू नये. संचास तिची वेगळी १२ व्होल्टची लहान बॅटरीच योग्य. ज्या ट्रक-बसगाड्यांत दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट केलेले असतात, तेथे एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट उचलण्याचा मोह टाळावा. ती एकटी उतरत जाते, दुसरी अतिभारित होते, आणि दोन्ही लवकर निकामी होतात. दाब उतरविणारे परिवर्तक यंत्र हाच तेथे मार्ग.

जोडणी झाल्यावर मापन करावयाचे ते बोलत असताना. सामान्य मल्टीमीटर संथ असतो. भरभर बोलण्यात अक्षरागणिक होणारे चढउतार तो सरासरीत बुडवून टाकतो आणि सर्व ठीक असल्याचा भास निर्माण करतो. म्हणून एरियलच्या जागी शक्ती जिरविणारा कृत्रिम भार जोडावा, इंजिन बंद ठेवावे, आणि एकाने ध्वनिग्राहकापुढे दीर्घ ‘आऽऽ’ असा स्वर काही सेकंद धरावा. या कामी आकारासारखा सबळ, सलग स्वरच हवा. संख्या मोजीत बसण्याचा येथे उपयोग नाही. तेवढ्या अवधीत दुसऱ्याने प्रथम बॅटरीच्या टोकांशी आणि मग, स्वर पुन्हा धरवून, संचाच्या टोकांशी दाब वाचावा. बॅटरीपाशीच दाब कोसळत असेल, तर बॅटरी थकलेली आहे. तारेला दोष नाही. बॅटरीपाशी तो टिकून संचापाशी उतरत असेल, तर दोष वाटेत आहे. तो कोणत्या तारेत आहे हेही लगेच कळते : मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकास आणि दुसरे संचाच्या धन टोकास लावून स्वर धरला, की त्या तारेतील घट सरळ वाचता येते, तसेच ऋण बाजूचे. ४ मीटरच्या ६ चौरस मिलिमीटर तारेत ही घट प्रत्येक बाजूस पाव व्होल्टच्या आत राहावयास हवी. एका बाजूस ०.२ आणि दुसऱ्या बाजूस ०.९ दिसले, तर तार बदलण्यापूर्वी थिंबल, फ्यूजचे चिमटे आणि पत्र्यावरचा तो एक स्क्रू उघडून पाहावा.